सत्तर पानांचा पुडा

मुकुटबन, ६ जुलै

सर, सलाम.

खुशाली विचारण्यात अर्धं पान घालवलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. निवड होऊन वर्ष उलटल्यावर आता मला शाळा मिळाली. झरी जामणी तालुक्यात, जंगलाच्या कडेला एका कोलाम पोडावर. पोडाची वस्ती लहान, शाळा त्याहून लहान. पहिली ते पाचवीपर्यंतची सगळी पोरं एका खोलीत बसतात आणि त्यांना शिकवायला मी एकटी. दुसऱ्या शिक्षकाची जागा आहे, पण तिच्यावर कुणी आलेलं नाही. राहायला मुकुटबनला खोली घेतलीय. सकाळी स्कूटीनं जाते, संध्याकाळी येते आणि कुलूप उघडल्यावर बोलायला कुणी नसतं.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचारणार नाही. मागच्या साली नोकरीचे पेढे घेऊन तुमच्या दारात आले होते. हैदराबादला एम.एस्सी.ला नंबर लागलेला असताना मी प्राथमिक शाळेची नोकरी धरली, हे ऐकून तुम्ही पेढ्याला हात लावला नाहीत. "तुह्याकडून एवढीच आस नोती धरली मी," म्हणालात आणि आत गेलात. त्यानंतर माझा एकही फोन उचलला नाहीत. पत्राचं बरं असतं, पोस्टमन हाक मारतो आणि ते घ्यावंच लागतं.

परवा वरून एक साहेब शाळा बघायला आले होते. पाचवीतल्या भिमी आत्रामनं फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, साहेब, ती भागाकारही करते, विचारून बघा. ते हसले. "मॅडम, या पोट्ट्यांले एवढं कायले? नाव लिहता आलं तं लय झालं. छान चालून राह्यलं तुमचं." मग चहा पिऊन गेले. भिमी खडू हातात धरून तशीच उभी होती. माझं डोकं इतकं फिरलं की उरलेला दिवस मी पोरांवरच ओरडत होते.

तुमच्या तोंडून 'छान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. आठवीत असताना चाचणीतली सगळी गणितं माझी बरोबर आली होती. पेपर हातात पडला तेव्हा शेवटच्या उत्तराखाली तुम्ही लाल शाईनं आणखी एक गणित लिहिलं होतं, त्याहून अवघड. मी तांड्यावर जाऊन रडले. आई म्हणाली, "मास्तरले तू आवडत नाय काय वं?" बरोबर उत्तराला तुमच्याकडे तेवढंच बक्षीस मिळतं, हे कळायला मला वर्ष लागलं. कळलं तेव्हा त्या लाल शाईसाठी जीव टाकायला लागले.

उत्तर पाठवायची गरज नाही. फक्त कळवावंसं वाटलं.

बबिता राठोड


मुकुटबन, १७ ऑगस्ट

सर, सलाम.

मागच्या पत्रात उत्तर नको म्हटलं होतं. तुम्ही ते अगदी मनावर घेतलंत.

पोरांचं सांगते. मे महिन्यात पोडावरचं घरन् घर तेंदूपत्ता तोडायला जातं आणि पोरंही जातात. सत्तर पानं मोजून एक पुडा बांधायचा. दुसरीतलं पोरगंसुद्धा न चुकता सत्तर मोजतं, आणि तेच पोरगं वर्गात एकोणसत्तरनंतर अडखळतं. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि पळसाची पानं आणायला लावली. प्रत्येक टोळीला सत्तर पानं दिली. सांगितलं, याचे ढीग करा, पण कुठलेही दोन ढीग सारखे नकोत. जास्तीत जास्त किती ढीग होतात ते दाखवा.

दोन दिवस नुसता गोंधळ चालला. तिसऱ्या दिवशी भिमीनं एक पान, दोन पानं, तीन पानं असे ढीग मांडत नेले. अकरा ढीग झाले आणि चार पानं उरली. ती तिनं शेवटच्या ढिगात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बारा होतच नाय, मॅडम. बाराले अठ्ठ्याहत्तर लागते." मी 'छान' म्हणणार होते. जीभ चावली आणि विचारलं, "किती पानं असती म्हणजे एकही उरलं नसतं?"

आता मुख्य गोष्ट. 'सामाईक फळा' नावाचं एक संकेतस्थळ आहे. कुठलाही शिक्षक त्यावर आपला पाठ टाकतो, कुणीही तो फुकट वापरतो, चुकला असेल तर दुरुस्त करतो, खाली भर घालतो. पोडावर रेंज नसते, म्हणून मी मुकुटबनला येऊन त्यावर हा पाठ टाकला. नाव माझं नाही दिलं, नुसतं 'शाळा, झरी जामणी' असं दिलं. उत्तरही दिलं नाही. तुम्ही कधी देत नव्हता.

आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली तेवढीच. आणि काल बघते तर खाली कुणीतरी बिननावाचं लिहून गेलंय. शाबासकी नाही, नमस्कार नाही, फक्त एक गणित: 'आता ढिगांतली पानं सलग संख्यांत हवीत. जसे सोळा, सतरा, अठरा, एकोणीस मिळून सत्तर. असं आणखी किती प्रकारे होईल? उत्तर सांगू नका.'

सर, ते वाचून मी रस्त्याच्या कडेला स्कूटी उभी करून बसून राहिले. पांढरकवड्याच्या बाजारात कुणीतरी सांगत होतं की तुमच्या नातीनं, कहकशांनं, तुम्हाला मोबाईल घेऊन दिलाय. मी काही विचारत नाही. तुम्हाला ओळख दाखवायची नसेल तर नका दाखवू. पण मला कळलंय.

बबिता


मुकुटबन, १९ ऑक्टोबर

सर, सलाम.

दसरा झाला. मी तांड्यावर गेले होते. आईनं लग्नाचा विषय काढला, बापानं घराला रंग द्यायचा काढला, आणि दोघंही मला 'मॅडम' म्हणून चिडवत होते. निघताना बाप म्हणाला, "आता लागली ना नोकरी? मंग राती पुस्तक घेऊन काहून बसतं?" त्याला काय सांगू? खोलीवर आले, एकटीपुरता भात टाकला आणि मोबाईलवर फळा उघडला. हल्ली माझं बोलणं तेवढंच आहे, तुमच्याशी चालतं तेवढं.

सलग संख्यांचं गणित पोरांना महिनाभर पुरलं. मी एक शब्द फोडला नाही. बारा ते सोळा असे पाच ढीग सापडले त्या दिवशी वर्गात दंगा झाला. सात ते बारा हे सहा ढीग करून तिघं रडकुंडीला आले होते, कारण तेरा पानं उरत होती. भिमीनं त्या तेराचा सातवा ढीग लावला आणि सगळे पुन्हा पहिल्या ढिगापासून मोजायला लागले. मी त्यांची मांडणी फळ्यावर टाकली आणि तुमच्यासारखंच खाली त्याहून अवघड लिहिलं. तुम्ही त्याच्यावर आणखी अवघड लिहिलंत. दिवाळीच्या सुट्टीचीसुद्धा पोरांना धास्ती वाटतेय, सुट्टीत गणित कोण देईल म्हणून.

गंमत म्हणजे गडचिरोलीकडच्या एका बाईंनी हाच पाठ गोंडीतून सांगितला आणि तो तिथंच ठेवला. कुणीतरी पानांच्या जागी मक्याचे दाणे घातले. आपलं म्हणून काही उरलं नाही, याचा मला इतका आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट लिहून टाकते, समोर असते तर जमली नसती. तुम्हाला वाटलं, घरच्यांनी अडवलं म्हणून मी हैदराबादला गेले नाही. किंवा घाबरले. मी तुम्हाला तसंच वाटू दिलं, कारण खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मला गणितातलं मोठं कुणी व्हायचं नव्हतं. मला तुम्ही व्हायचं होतं. ज्या पोरीकडून कुणालाच काही नको असतं, तिच्या बरोबर आलेल्या उत्तराखाली लाल शाईनं आणखी अवघड गणित लिहायचं होतं.

तुम्ही फळ्यावर लिहिता, पत्राला मात्र उत्तर देत नाही. चालेल. इतकं मिळतंय तेही मला खूप आहे. तब्येत सांभाळा, घरी चाचीला सलाम सांगा.

बबिता


मुकुटबन, १४ डिसेंबर

सर,

ते तुम्ही नव्हतात.

गेल्या आठवड्यात त्या बिननावाच्या माणसानं फळ्यावर नाव लिहिलं. 'सर, मी सुनील आडे. पांढरकवड्याला तुमच्याच हाताखाली शिकलो. इतके दिवस ओळख दाखवली नाही, रागावू नका. पत्ता कळवाल तर पाया पडायला येईन.' खाली नंबर होता. मी तीन वेळा वाचलं. मग फोन लावला.

पैनगंगेच्या पलीकडे, किनवटच्या बाजूला एका तांड्यावर तो शिक्षक आहे. माझ्याहून चार वर्षं पुढे होता. पाठाखाली उत्तर नाही आणि शेवटी अवघड प्रश्न, हे बघून त्याला वाटलं की झरी जामणीची शाळा हे नाव घेऊन सरच लिहीत आहेत. तुम्हाला खूश करावं म्हणून तो रात्रंदिवस अवघड गणितं शोधत होता. आणि इकडे मी तुम्हाला खूश करावं म्हणून ती पोरांकडून सोडवून घेत होते. "मले वाटलं, सर मोबाईल शिकले," तो म्हणाला. मी म्हटलं, मलाही तेच वाटलं.

त्यानं इंजिनीअरिंग सोडून बी.एस्सी. धरली तेव्हा तुम्ही त्याच्याशीही बोलणं टाकलंत, हे मला माहीत नव्हतं. किती जणांशी टाकलंत, सर? तुम्ही आमच्याकडून आभाळाएवढी आस धरलीत आणि आम्ही जमिनीवर उभे राहिलो तर तोंड फिरवलंत. मला राग आलाय. इतक्या महिन्यांत मी मोकळेपणानं कुणाशी बोलले असेन तर ते तुमच्याशी, आणि तुम्ही तिथं नव्हताच. पत्रं तरी उघडता की नाही? उघडत नसाल तर एका ओळीत तसं कळवा, म्हणजे मी वाट बघणं थांबवीन.

पोरांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं मॅडमचे मोठे सर गणितं पाठवतात. भिमी रोज विचारते, "सरचं नवीन आलं काय?" मी म्हणते, येईल.

बबिता राठोड


मुकुटबन, ११ जानेवारी

सर, सलाम. आणि कहकशां, तुलाही. हे पत्र तू वाचून दाखवत आहेस, तर जे लिहिलंय ते सगळं वाच. मधली ओळ गाळलीस तर त्यांना कळेल, काल माझं काय झालं ते तू पाहिलंसच.

कालचं सगळं तुमच्यासमोरच घडलं, तरी लिहिते. माझ्या बाजूनं ते कसं दिसलं, हे तुम्हाला ठाऊक नाही.

मी भांडायला आले होते. पांढरकवड्याला बसमधून उतरले तेव्हा सगळी वाक्यं पाठ होती. तुम्ही अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसला होता. मी नाव सांगितलं, तुम्ही "बस" म्हणालात. चाचीनं चहा आणला आणि हळूच मला म्हणाली, "बेटा, पोस्टमन तुहं नाव सांगून पत्र देऊन गेला म्हणजे हे जेवतही नाय वेळेवर. इथंच बसते, कागद हातात धरून, ऊन उतरेतोवर." माझा अर्धा राग तिथंच गेला. मला वाटलं, वाचतात तर. मग उत्तर का नाही?

म्हणून मी काही न बोलता मोबाईलवर फळा उघडला. भिमीच्या हातची मांडणी, सात ते तेरा, पानांचे सात ढीग. मुद्दाम एका ढिगात एक पान कमी असलेला फोटो समोर धरला. मनात म्हटलं, आता पकडतील. तुम्ही मोबाईल हातात घेतलात, डोळ्यांजवळ नेलात, लांब धरलात.

आणि म्हणालात, "छान आहे."

ज्या माणसानं पैकीच्या पैकी मार्कांनाही छान म्हटलं नाही, तो चुकलेल्या ढिगाला छान म्हणतो, म्हणजे त्याला ढीग दिसलेच नाहीत. मी विचारलं, "सर, पहिल्या ढिगात किती पानं आहेत?" तुम्ही मोबाईल मांडीवर ठेवलात. चाचीच्या हातातली बशी तशीच राहिली. तिला अक्षर वाचता येतं ते उर्दूचं, त्यामुळे पत्रात काय आहे हे तिनं कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. माणसं सावल्यांसारखी दिसतात आणि अक्षर मुळीच दिसत नाही, काचबिंदूनं दोन्ही डोळे खाल्ले, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत, तोवर घरातसुद्धा कळू दिलं नव्हतंत. फोनवर कुणाचं नाव आहे हे दिसत नाही, म्हणून कुणाचाच उचलत नव्हता. मी वर्षभर समजत होते की माझ्यावरचा राग आहे.

"थोडासा रागही होता," तुम्ही म्हणालात. तेवढं खरं बोलल्याबद्दल बरं वाटलं.

मग चाचीनं आतून माझी पत्रं आणली आणि मी ती पहिल्यापासून वाचायला घेतली. साहेबांच्या टाळ्यांपाशी तुम्ही तोंड वाकडं केलंत. सुनीलच्या घोटाळ्यापाशी तर तुम्ही हसलात, तुम्हाला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पण त्याआधी ऑक्टोबरचं पत्र होतं. ते वाचताना ती ओळ आली. लिहिताना समोर कुणी नव्हतं म्हणून लिहिली होती. मी ती टाळून पुढचं वाक्य घेतलं.

तुम्ही हात वर केलात. "मधली पायरी सोडली तू."

"नाही सर."

"सोडली. 'मोठं कुणी व्हायचं नव्हतं', त्याच्यानंतर काय? पायरी गाळायची नाही, हे आठवीत सांगितलं होतं तुले."

मग वाचली. मला तुम्ही व्हायचं होतं. तुम्ही खुर्चीचे हात धरून थोडे पुढे सरकलात. मला वाटलं, पुन्हा आत निघून जाणार. कहकशां दारात उभी होती.

पण तुम्ही विचारलंत, "त्या पोरीनं सलग ढिगांचं सोडवलं, मंग पुढं काय दिलं तिले?"

मी सांगितलं, सध्या काही नाही. मन लागत नव्हतं.

"म्हणजे तू त्या साहेबासारखीच," तुम्ही म्हणालात, आणि मी काही म्हणायच्या आत पुढचं बोलायला लागलात. "लिहून घे. दोन पानं, चार पानं, आठ पानं, सोळा. यांचे सलग ढीग कधीच होत नाही. पोट्ट्यांले ते सापडेल. सापडलं म्हणजे विचार, काहून होत नाही. अन् अक्षरं वापरायची नाही. क्ष नाही, य नाही. पानांनीच दाखवायचं, पाचवीच्या पोरीले पटलं पाहिजे. त्या सुनीललेही सांग. दोघं पदवी घेऊन बसले ना?"

मी लिहून घेतलं. बस सुटायची वेळ झाली म्हणून उठले, वाकले. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हैदराबादले गेली असती तरी चाललं असतं." मी म्हटलं, हो सर.

बबिता


मुकुटबन, १५ फेब्रुवारी

सर, सलाम.

सुनील मागच्या रविवारी नदी ओलांडून पोडावर आला होता. त्यानं त्याच्या तांड्यावरची पोरंही आणली. सगळ्यांनी मिळून पळसाची पानं मोजली. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. एकाचेही सलग ढीग झाले नाहीत. 'काहून' हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. सुनील आणि मी कागदावर क्ष मांडून पाच मिनिटांत सोडवतो. पानांनी दाखवायला गेलो की दोघंही अडकतो. तो म्हणाला, "सरनं आपल्याले बराबर पकडलं."

तुमचं गणित फळ्यावर टाकलं आहे. वर तुमचं नाव घातलंय, मोहिउद्दीन सर, पांढरकवडा. तुमची परवानगी घेतली नाही. खाली आतापर्यंत कुठून कुठून लोकांनी लिहिलंय. कुणालाही जमलेलं नाही. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती, त्यांना मी परत अभ्यासाला लावलं.

संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडते तेव्हा अजूनही आत कुणी नसतं. पानं पसरून बसते. कधी कधी वाटतं, आता सापडेल, आणि एक ढीग चुकतो. भिमी काल म्हणाली, "मॅडम, जोडीजोडीनं लावून पाहू काय?" त्यात काहीतरी आहे. काय आहे ते अजून कळलेलं नाही.

कहकशां, एवढं त्यांना नीट वाचून दाखव. आम्ही सगळे अडकलो आहोत, सर. उत्तर सांगू नका.

बबिता